उपाशीपोटी, दहाच्या आत

सकाळी ७.३०

कोल्हापुरातल्या माझ्या दवाखान्यात ओपीडी साडेनऊला सुरू होते, पण रक्त घेणारा मुलगा साडेसातलाच येऊन बसतो. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी चढलेलं असतं, दुपारपर्यंत उतरतं, खाल्ल्यावरही उतरतं. म्हणून नमुना उपाशीपोटी, दहाच्या आत, आणि कमी आला तर आणखी एखाद्या सकाळी पुन्हा. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात संध्याकाळी पाचला, वर मिसळ खाऊन, दिलेल्या रक्ताचा आकडा घेऊन धास्तावलेले लोक येतात. त्यातल्या काहींचा आजार या खुर्चीतच बरा होतो.

९.३०

पहिला पेशंट चोवीस वर्षांचा. क्लाइनफेल्टर सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्त, वृषणं लहान, संप्रेरक तुटपुंजं. दाढी-मिशा फुटेनात म्हणून आई घेऊन आली होती. आता त्याला दर बारा आठवड्यांनी १००० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचं इंजेक्शन असतं. औषध तेलकट, कुल्ल्यात सावकाश सोडायचं, आणि नंतर अर्धा तास बाहेर बाकावर बसवायचं, कारण क्वचित त्या तेलाचे कण फुप्फुसापर्यंत जाऊन खोकल्याची उबळ येते.

“जन्मभर घ्यायचं म्हणजे पुढं काय त्रास व्हायचा नाही न्हवं, मॅडम?” आई दर वेळी विचारते. तिला दाखवता येईल अशी मोठी चाचणी नाही. अशा मुलांना वर्षानुवर्षं खोटं औषध देऊन कोण बघणार? पण औषध न दिल्यास काय होतं ते माहीत आहे: ठिसूळ हाडं, कमी हिमोग्लोबिन, अंगात जोर नाही. मुलाबाळांचा प्रश्न आम्ही पहिल्या इंजेक्शनच्या आधीच वंध्यत्वतज्ज्ञांकडे नेला होता. तो नंतर नेऊन चालत नाही.

१०.३०

शिरोली एमआयडीसीतले कारखानदार, वय ५४. सुटलेलं पोट, मधुमेह, मागे अँजिओप्लास्टी. सोबत पत्नी. तक्रार विचारली तर ‘थकवा’. समोर बाई डॉक्टर असली की मूळ गोष्ट यायला वेळ लागतो. मी कागद चाळत थांबते. शेवटी वहिनीच म्हणाल्या, “इच्छाच राहिली नाही म्हणतात.” दोन सकाळचे आकडे २७८ आणि २९१.

“म्हणजे तीनशेच्या खालीच की. करा सुरू. हार्टला काय होत नाही ना पण?”

या प्रश्नानं आम्हा डॉक्टरांनाही बरीच वर्षं अडवून धरलं होतं. चालायला त्रास होणाऱ्या वृद्धांवरचा एक अमेरिकन अभ्यास हृदयाचे त्रास वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. तो २०१० मध्ये छापून आला. २०१५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं वेष्टनावर इशारा छापायला लावला. मग २०२३ मध्ये ‘ट्रॅव्हर्स’ या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच हजारांवर पुरुष, ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा होण्याची दाट शक्यता असलेले, टेस्टोस्टेरॉन तीनशेच्या खाली. समोर बसलेत अगदी तसेच. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल, निम्म्यांना नुसतं मलम. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू जेलवाल्यांत ७.० टक्के, दुसऱ्यांत ७.३.

इथपर्यंत ऐकून त्यांचा चेहरा खुलला. पण त्याच अभ्यासात जेलवाल्यांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचा आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा त्रास थोडा जास्त झाला. शिवाय पाठपुरावा सरासरी ३३ महिन्यांचा, आणि निम्म्याहून अधिक लोकांनी औषध अर्ध्यातच सोडलेलं. हे विचारतायत पुढच्या वीस वर्षांचं.

माझी अडचण आणखी वेगळी आहे. यांची वृषणं ठीक आहेत, पिट्युटरी ठीक आहे. चरबी वाढली की संप्रेरक वाहून नेणारं रक्तातलं प्रथिन कमी होतं आणि एकूण आकडा आहे त्याहून वाईट दिसतो. “झोपेत घोरतात का?” यावर मात्र वहिनींनी थांबायला लावलं नाही. “घर हालतंय!” झोपेत श्वास अडकत असेल तर टेस्टोस्टेरॉन दिल्यानं तो आणखी बिघडू शकतो. तेव्हा आधी झोपेची तपासणी, मग वजन. वजन उतरलं की हा आकडा पुष्कळदा आपोआप चढतो. चार महिन्यांनी पुन्हा रक्त; तरीही कमी आणि तक्रार तीच, तर जेल देऊन बघू, फरक पडला नाही तर बंद करू. नाराज होऊन गेले. काहीच न टोचणाऱ्या डॉक्टरची फी लोकांना जिवावर येते.

१२.१५

एकोणतीस वर्षांचा, शर्टाच्या बाह्या दंडात रुतलेल्या. लग्नाला दोन वर्षं, मूल नाही. बायकोची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, एक नवस, सगळं झालं. मग कुणाला तरी याचं वीर्य तपासायची बुद्धी झाली. शुक्राणू शून्य.

“जिममध्ये काही घेतोस?”

“पावडर घेतो मॅडम.”

“आणि इंजेक्शन?”

बराच वेळ गप्प. मग फोनमधला फोटो दाखवला: टेस्टोस्टेरॉनची कुपी, चिठ्ठीशिवाय मिळालेली. तालमीतल्या जुन्या वस्तादांनी दूध-बदाम-थंडाईवर पोरं घडवली. आता दंड चार महिन्यांत हवे असतात.

बाहेरून डबा यायला लागला की घरची चूल थंड पडते, तसं हे आहे. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसलं की मेंदू वृषणांना कामाचा निरोप पाठवणंच थांबवतो, आणि शुक्राणू बनायचे बंद होतात. हे इतकं भरवशाचं की जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, आणि १९९० मध्ये त्याचे निकाल छापून आले. ताकदीसाठी जे हा घेत होता, ते मूल न होण्याचं औषध होतं. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात. काही महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. मधल्या काळात थकवा येईल, मन खचेल, आणि तेव्हाच जिममधला कुणीतरी नवी कुपी पुढे करील. बायकोला पुढच्या वेळी बरोबर आण म्हटलं. तिचे रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, हे घरी सासूसमोर यानंच सांगायचं.

१.४५

डब्यात मेथीची भाजी. दाराशी औषध कंपनीचा एमआर. त्याच्या चकचकीत पत्रकावर ठळक अक्षरात: अमेरिकेनं २०२५ मध्ये हृदयविकाराचा इशारा काढला. खरं आहे. त्याच वेळी रक्तदाब वाढण्याचा इशारा सगळ्याच उत्पादनांवर घालायला सांगितलं, ते पत्रकावर कुठे आहे विचारलं. पुढच्या महिन्यात आणतो म्हणाला.

३.००

लॅबचा फोन. एका ६१ वर्षांच्या गृहस्थांचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ५६. चोपन्नच्या वर गेलं की आम्ही औषध थांबवतो, रक्त दाट होतं. ऑस्ट्रेलियातल्या एका दोन वर्षांच्या चाचणीत इंजेक्शन घेणाऱ्या पाचातल्या एकाहून जास्त पुरुषांचा आकडा या रेषेला टेकला होता. यांचा आजार मात्र खरा. पिट्युटरीच्या गाठीच्या ऑपरेशननंतर संप्रेरक बनतच नाही. तेव्हा इंजेक्शन बंद, रक्त पातळीवर आलं की कमी मात्रेत जेल. मुलाला फोनवर समजावलं: जेल खांद्याला लावायचं, हात साबणानं धुवायचे, वाळल्यावर सदरा घालायचा, आणि नातीला उघड्या खांद्यावर घ्यायचं नाही. लहान मुलांच्या अंगाला ते लागलं तर वयाआधीच पौगंडाची लक्षणं दिसू लागतात.

४.३०

ज्युनिअर डॉक्टरशी चहावर हाडांची चर्चा. टेस्टोस्टेरॉननं हाडांची घनता वाढते, हे वृद्धांवरच्या चाचण्यांत दिसलं होतं. म्हणजे फ्रॅक्चर कमी व्हायला हवीत. ट्रॅव्हर्समध्ये उलट झालं: जेलवाल्यांत ३.५ टक्के, दुसऱ्यांत २.४६. का, ते पक्कं कुणी सांगत नाही. तिचं म्हणणं, अंगात जोर आल्यावर माणसं धडपड जास्त करत असतील. असेलही. आता मी साठीपुढच्यांना ‘हाडं बळकट होतील’ असं आश्वासन देत नाही.

६.४५

शेवटचे निवृत्त शिक्षक, ६९. दुसऱ्या गावी कुणीतरी सुरू केलेलं इंजेक्शन कित्येक वर्षं चालू आहे. पहिला रिपोर्ट? हरवला. प्रोस्टेटची पीएसए तपासणी कधी केली? आठवत नाही. ती आधी लिहून दिली.

“मला ह्याची गरज होती की नव्हती, एवढंच सांगा.”

ते कळायला औषध थांबवून काही महिन्यांनी रक्त बघावं लागेल, आणि तोपर्यंत गळून गेल्यासारखं वाटेल. ती गळाठ इतक्या वर्षांच्या इंजेक्शनची की मूळच्या आजाराची, हे सुरुवातीला मलाही ओळखता येणार नाही. हे सगळं मी सांगितलं. गुरुजींनी बराच विचार केला आणि नातीचं लग्न मार्गशीर्षात आहे, ते उरकू दे म्हणाले.