भीमेकाठचा भुईकोट

काष्टीच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरनं रस्ता अडवलाय. मागं दोन ट्रॉल्या, त्यावर नियमापेक्षा बराच जास्त ऊस. आमच्या पुढं एक टेम्पो ट्रॅव्हलर आहे, काचेवर अष्टविनायक यात्रेचं स्टिकर. सकाळी रांजणगाव, मग शिरूर तालुक्यातून न्हावरा, चौफुला, दौंड, भीमेवरचा पूल आणि आता काष्टीवरून पेडगावमार्गे सिद्धटेक. या वाटेनं रोज किती गाड्या जातात! पेडगावात थांबणाऱ्या मात्र थोड्याच.

न थांबण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. किल्ला म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते, आणि इथं वर बघायला काही नाही. पेडगावात शिरलं की किराणा दुकान, पिठाची गिरणी, उभ्या केलेल्या मोटारसायकली आणि गल्लीच्या टोकाला एकदम तट. तोच बहादूरगड. पाटीवर आता धर्मवीरगड.

चहावाला कप पुढं करतो आणि गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "काय पाव्हणं, वेड पांघरून आलाय का तसंच?" प्रत्येक नव्या माणसाला तो हेच विचारत असणार. बाकावर बसलेले दोघं दरवेळी हसत असणार, तसे आताही हसतात. मग त्यातला एक खानाच्या फजितीची गोष्ट सांगायला घेतो. खान म्हणजे बहादूरखान कोकलताश, औरंगजेबाचा दूधभाऊ आणि दख्खनचा सुभेदार. १६७२-७३ च्या सुमारास त्यानं इथं छावणी टाकली, तट घातला. पुढं १६७४ च्या पावसाळ्यात, रायगडावरच्या राज्याभिषेकाला महिना-दीड महिना झाला असेल-नसेल, मराठ्यांच्या एका तुकडीनं खानाला हूल देऊन लांब पळवलं, आणि दुसऱ्या मोठ्या तुकडीनं मोकळी छावणी लुटली. एक कोटीचा ऐवज आणि दोनशे घोडे, असा आकडा इतिहासकार देतात. बाकावरचा माणूस आकडे देत नाही. तो खानाची परत आल्यावरची मुद्रा करून दाखवतो, आणि तीच जास्त पटते.

दरवाजातून आत गेलं की भैरवनाथाचं देऊळ लागतं. आवारात वीरगळ मांडून ठेवलेत, काही सरळ, काही एकमेकांना टेकलेले. एकावर कुणीतरी सकाळीच शेंदूर लावलाय, अजून ओला आहे. पुढं पायवाट आणि दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ. मध्येच एखादी भिंत, जोतं, कमानीचा अर्धा भाग. शेळ्या या सगळ्यातून बिनदिक्कत फिरतायत. किल्ल्याचा आवाका चालूनच कळतो. शंभर एकरांहून मोठी जागा, आणि सगळी सपाट.

बाभळी संपतात तिथं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. शिखर नाही, त्यामुळं लांबून ते बसकं वाटतं. जवळ गेल्यावर बोलती बंद होते. तळ चांदणीच्या आकाराचा, म्हणजे भिंत सरळ धावतच नाही; कोन पुढं येतो, आत जातो, पुन्हा पुढं येतो. प्रत्येक वळणावर एक मूर्ती. सकाळचं ऊन तिरपं पडतंय, म्हणून एका कोनातली सुरसुंदरी उजेडात आणि तिची शेजारीण अंधारात. आतल्या खांबांच्या माथ्यावर भारवाहक यक्ष बसलेत, पोटं सुटलेली, छताचं ओझं तळहातांवर पेललेलं. त्यातल्या एकाच्या चेहऱ्यावर चक्क कंटाळा आहे. कारागिरानं तो मुद्दाम कोरला असेल असं मला वाटतं. सगळेच यक्ष आनंदानं ओझं वाहणार कसे?

देवळाचं काम यादवकाळातलं, म्हणजे खानाच्या तटाहून कितीतरी जुनं. मल्लिकार्जुन आणि रामेश्वरही याच आवारात आहेत. खानाची छावणी वस्ती असलेल्या, देवळांच्या गावावर येऊन बसली. दौंड तालुक्यातल्या यवतवरून वर चढलं की भुलेश्वरलाही हेच दिसतं. तिथल्या यादवकालीन देवळाभोवती आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं दौलतमंगळ किल्ला उभा केला. पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला, असं ज्याच्याबद्दल सांगतात तोच हा मुरार. आज दौलतमंगळचे थोडे अवशेष उरलेत आणि लोक भुलेश्वराला जातात. पेडगावात उलटं झालंय. नाव किल्ल्याचं, आणि देवळाकडं वळणारे कमी.

नदीच्या अंगाला महालाच्या भिंती उभ्या आहेत. छत गेलंय, पण खिडक्यांच्या कमानी शाबूत आहेत आणि त्यातून खाली भीमा दिसते. पलीकडचा काठ दौंड तालुका, पुणे जिल्हा. आपण उभे आहोत श्रीगोंद्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात. शेळ्यांमागून आलेले एक म्हातारेबाबा माझ्या शेजारी येऊन टेकतात. डोक्याला मळका फेटा, हातात फांदी तोडायची आकडी. मी महालाचे फोटो काढतोय हे त्यांना फारसं पसंत नाही.

"ते काय बघताय? हिकडं या. मोट बघा."

तटाला लागून एक उंच, भक्कम बांधकाम आहे. मला तो बुरूज वाटला असता. बाबा आकडीनं हवेत रेघा मारत समजावतात. "ही हत्तीची मोट. आमच्या मोटंला बैल असायचं. म्या लहानपणी नाड्यावर बसायचो, बापाच्या शिव्या खात. बैल मागं सरलं की मोट हिरीत, पुढं धावंवर गेलं की वर. सोंदूर ताणला की सोंड उघडती, पाणी थारोळ्यात." मग थांबून, "हितं तेच, फकस्त बैलाच्या जागी हत्ती."

नदीचं पाणी असं तटाच्या उंचीवर चढवायचं, वरच्या हौदात सोडायचं आणि तिथून खापरी नळांनी महालांकडं न्यायचं. एकदा वर चढलं की पुढं उतारच पाणी नेतो. बाबा एका पडक्या भिंतीशी वाकतात आणि माती झटकतात. चुन्यात बसलेली भाजक्या मातीची गोल कड दिसते, वीतभर तुटलेली. आत बोट घातलं तर पांढरा, कडक थर लागतो. किती वर्षं पाणी वाहिलं म्हणजे एवढा क्षार साचत असेल? मला या किल्ल्यातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. लष्कर लढतं तेव्हा लढतं, पाणी त्याला रोज दोन वेळा लागतं.

इथून जवळच ती जागा आहे, जिच्यासाठी बहुतेक लोक येतात. चौथरा, भगवा झेंडा, ताजा हार. फेब्रुवारी १६८९ मध्ये, संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना इथं औरंगजेबाच्या छावणीत आणलं. लाकडी टोप्या, घुंगरं, उंटावरून धिंड. पाचसहा कॉलेजची पोरं चपला लांब काढून उभी आहेत. मघाशी बाभळीत मोठ्यानं गाणी लावत येणारी हीच पोरं. एक जण मोबाईल बंद करतो, सायलेंट नव्हे, बंदच.

नंतर बादशहाची छावणी भीमेच्या काठाकाठानं वर कोरेगावकडं सरकली. ११ मार्च १६८९ ला महाराजांची हत्या झाली. तुळापूर आणि शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक, दोन्ही याच नदीवर. समोरचं पाणी वढूवरून येतं, रांजणगाव सांडसला मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी पोटात घेतं, दौंडच्या अलीकडं घोड मिळते, मग इथं पोचतं. काठाला जलपर्णीचा पट्टा आहे आणि वारा फिरला की वास येतो. बाबांच्या शेळ्या ते पाणी पीत नाहीत. घरी बोअरचं पाजतो, म्हणतात.

पोरांचा घोळका निघतो. त्यांची गाडी सिद्धटेकला जायचीय, ड्रायव्हर तटाबाहेरून हॉर्नवर हॉर्न वाजवतोय. त्यातला एक मला विचारतो, "काका, अजून काही बघण्यासारखं आहे का इथं?" मी लक्ष्मीनारायणाच्या दिशेनं हात करतो. तो घड्याळ बघतो, मग मित्रांकडं. दोघं वळतात, बाकीचे गाडीकडं.

"जाऊ द्या," बाबा म्हणतात आणि आकडी खांद्यावर टाकतात. "तुमाला टाइम हाय न्हवं? मग रामेसराकडनं चला. पर जपून, तिकडं मधमाश्या बसल्यात."