विश्लेषण : डेटाबेसची टेस्ट लॅब मोफत उभारता येते, मग परवान्याची मेख कुठे?

ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती जुन्या संगणक प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवली. माहिती सुखरूप पोहोचली, पण नवी प्रणाली कोलमडली. ग्राहकांना स्वतःचीच खाती उघडता येईनात. नंतरच्या स्वतंत्र अहवालातून एक महत्त्वाची बाब पुढे आली. बँकेची दोन डेटा सेंटर होती, पण भार पेलण्याच्या काही चाचण्या त्यांपैकी एकावरच झाल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. चाचणीची जागा खऱ्या व्यवस्थेसारखी नसेल तर काय होते, याचे हे उदाहरण. मग अशी जागा उभारायची कशी आणि तिचा खर्च किती?

टेस्ट लॅब म्हणजे काय?

ग्राहकांची कामे ज्या सर्व्हरवर चालतात, त्याला ‘प्रॉडक्शन’ म्हणतात. त्याच्यासारखाच, पण त्याच्याशी न जोडलेला दुसरा सर्व्हर म्हणजे टेस्ट लॅब. नवी आवृत्ती, बदललेला प्रोग्राम, बॅकअपवरून माहिती परत आणणे असे सगळे प्रयोग आधी येथे करायचे. येथे काही बिघडले तर नुकसान फक्त वेळेचे होते.

उभारण्यासाठी काय लागते?

शिकण्यासाठी १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. त्यावर व्हर्च्युअल मशिन, म्हणजे संगणकातला आभासी संगणक तयार करायचा. विंडोजच्या प्रो एडिशनमध्ये हायपर-व्ही ही सोय अंगभूत असते, होममध्ये नसते. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे. मात्र त्याचे ‘एक्स्टेंशन पॅक’ व्यावसायिक वापरासाठी मोफत नाही. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०१७ च्या आवृत्तीपासून लिनक्सवर आणि कंटेनरमध्येही चालतो. त्यामुळे विंडोजच्या वेगळ्या परवान्याचा प्रश्न टळतो. विंडोज सर्व्हरच हवा असेल, तर त्याची चाचणी प्रत १८० दिवस वापरता येते. एक खबरदारी महत्त्वाची : एसक्यूएल सर्व्हर मिळेल तेवढी मेमरी घेत जातो. एकाच लॅपटॉपवर दोन-तीन सर्व्हर चालवायचे असतील, तर प्रत्येकाच्या ‘मॅक्स सर्व्हर मेमरी’ला मर्यादा घालावी.

परवाना कोणता घ्यायचा?

एसक्यूएल सर्व्हरचे डेव्हलपर एडिशन २०१६ पासून मोफत आहे. महागड्या एंटरप्राइज एडिशनमधील सर्व सुविधा त्यात आहेत. अट एकच, वापर विकास आणि चाचणीपुरता हवा. एक्सप्रेस एडिशनही मोफत आहे आणि ते प्रत्यक्ष कामासाठी वापरता येते. मात्र २०२२ च्या आवृत्तीत प्रत्येक डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती. २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झाली. इव्हॅल्युएशन एडिशन १८० दिवसांनी बंद पडते. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या मुक्त स्रोत डेटाबेसमध्ये लॅब आणि प्रॉडक्शन असा परवान्याचा भेदच नाही.

‘मोफत’ची सीमा कुठे संपते?

खरी मेख येथे आहे. परवाना सर्व्हरच्या नावाकडे पाहत नाही, वापराकडे पाहतो. यंत्रावर ‘टेस्ट’ अशी चिठ्ठी लावली, म्हणून ते चाचणीचे ठरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या परवानाविषयक मार्गदर्शनानुसार, वापरकर्ते मान्यता-चाचणी किंवा अभिप्रायापलीकडे जाऊन ज्या व्यवस्थेवर काम करतात ती प्रॉडक्शन. प्रॉडक्शनच्या डेटाबेसला जोडलेली, त्याच्या बॅकअपला किंवा आपत्तीत पर्याय म्हणून ठेवलेली, किंवा गर्दीच्या दिवसांत तात्पुरती कामाला लावलेली व्यवस्थाही प्रॉडक्शनच. लेखा विभागाला ‘एवढा एकच रिपोर्ट’ रोज लॅबमधून दिला, की सीमा ओलांडली जाते. मग प्रॉडक्शनचा परवाना लागतो. तो कोअरनुसार घेतला, तर प्रत्येक प्रोसेसरमागे किमान चार कोअरचे पैसे मोजावे लागतात. हिशेब परवाना-तपासणीच्या वेळी समोर येतो, तेव्हा घासाघीस करायला फारशी जागा उरलेली नसते.

चाचणी यशस्वी होऊनही घोटाळा कसा होतो?

लॅबमध्ये डेव्हलपर आणि प्रॉडक्शनवर स्टँडर्ड एडिशन, ही अनेक छोट्या कंपन्यांतली स्थिती. डेटाबेस चालू ठेवून इंडेक्स नव्याने बांधण्याची सोय डेव्हलपरमध्ये चालते. २०२२ च्या स्टँडर्डमध्ये ती नाही. लॅबमध्ये उत्तीर्ण झालेली स्क्रिप्ट मग ऐन रात्रीच्या देखभालीत अडते. २०२५ च्या आवृत्तीत ‘स्टँडर्ड डेव्हलपर’ असे वेगळे मोफत एडिशन आल्याने ही दरी बुजवता येते. जुन्या आवृत्त्यांत स्टँडर्डमध्ये नसलेल्या सुविधांची यादी समोर ठेवूनच चाचणी करावी. आवृत्तीही तीच हवी, कारण नव्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढवता येत नाही.

ग्राहकांची खरी माहिती लॅबमध्ये आणावी का?

शक्यतो नाही. लॅबचे पासवर्ड सोपे असतात, बाहेरच्या कंत्राटदारांनाही तेथे प्रवेश असतो आणि देखरेख सैल असते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सरावासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘ॲडव्हेंचरवर्क्स’ आणि ‘वाइड वर्ल्ड इम्पोर्टर्स’ हे नमुना डेटाबेस मोफत मिळतात. खऱ्या माहितीची प्रत घ्यावीच लागली, तर नावे, फोन आणि खाते क्रमांक आधी बदलावेत.

पहिला प्रयोग कोणता करावा?

बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा करण्याचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसची माहिती पुसली गेली. नेहमीचे बॅकअप आवृत्तीतील तफावतीमुळे होतच नव्हते आणि ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. अखेर चाचणी-व्यवस्थेसाठी सुमारे सहा तास आधी घेतलेली प्रत कामी आली. मधल्या काळातील नोंदी मात्र परत मिळाल्या नाहीत. ती प्रत उपलब्ध होती हा योगायोग. बॅकअप खरोखर परत येतो का, हे नियमित तपासणे ही सवय. ती लावून घ्यायला एक लॅपटॉप आणि मोफत परवाना पुरतो.