जागेला काय हवे? पर्यायी ट्रान्झिस्टरचा शोध

जुन्या रेडिओतला मूळ ट्रान्झिस्टर बाजारात मिळत नसेल, तर मी आधी त्याचे नाव वाचतो. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर मूलद्रव्याचे: ‘ए’ म्हणजे जर्मेनियम, ‘बी’ म्हणजे सिलिकॉन. दुसरे कामाचे: ‘सी’ म्हणजे कमी शक्तीचा, ध्वनीसाठीचा.

आउटपुट जोडीतल्या एसी १२८ च्या जागी बीसी ५५७ बसवला, तर दोन्ही पीएनपी असूनही गाडी अडते. जर्मेनियमला चालू व्हायला सुमारे ०.२ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६ लागतात. बायस तोच ठेवला, तर हळू आवाज फाटतो. शिवाय एसी १२८ एक अँपिअर पेलतो, बीसी ५५७ जेमतेम ०.१. तिथे एसी १८८ सारखा जर्मेनियमचाच भाऊबंद शोधावा.

जपानी सी १८१५ च्या जागी बीसी ५४७ पुष्कळदा चालतो. मात्र सपाट बाजू समोर धरून डावीकडून मोजले, तर पहिल्याचे पाय एमिटर, कलेक्टर, बेस आणि दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. पाय न वळवता डाख दिला, तर चांगला तुकडाही मुका.

पर्यायांच्या तक्त्यात शेजारी छापलेली नावे जुळी नसतात. त्या जागेला व्होल्ट किती, प्रवाह किती, वेग किती लागतो, हे सर्किटलाच विचारावे लागते. घरचा रेडिओ बोलणार की भंगारात जाणार, हे त्या उत्तरावर ठरते.