कोपरगावचे विटांचे वाचनालय

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगावात, सोमय्या विद्याविहारच्या शारदा शाळेच्या आवारात माया सोमय्या वाचनालय आहे. मुंबईचे वास्तुरचनाकार समीप पडोरा यांच्या कार्यालयाने आखलेली ही वास्तू २०१८ मध्ये पूर्ण झाली. भिंत कुठे संपली आणि छत कुठे सुरू झाले, हे इथे सांगता येत नाही. विटांचे कवच जमिनीतून उठते, वाचकांच्या डोक्यावरून जाते आणि पलीकडे पुन्हा जमिनीला टेकते. मुले या छतावर चढतात आणि दुसऱ्या बाजूला उतरतात.

आराखड्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय जागेचा. शाळेच्या इमारती आणि कुंपण यांच्यामधली चिंचोळी पट्टी निवडली गेली. ती रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पडते, त्यामुळे वाचनालयात शिरायला वेगळे निमित्त लागत नाही. आत हवी तशी मांडता येणारी टेबले आणि स्टुले आहेत. कडेला, छत खाली येते तिथे, जमिनीवरची बैठक. घोळक्याने अभ्यास करणारे आणि कोपरा धरून बसणारे, दोघांचीही सोय मध्ये भिंत न घालता झाली आहे.

इतके पातळ कवच टिकते ते आकाराच्या जोरावर. दोन टोकांना धरलेली साखळी ज्या वक्रात लोंबते, तो उलटा केला की कमानीचा भार केवळ दाबाच्या रूपाने खाली उतरतो. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. पातळ विटा पालथ्या बसवून थरावर थर चढवण्याची ही रीत स्पेनमधल्या कॅटलोनियाची. राफाएल ग्वास्ताविनो यांनी ती अमेरिकेत नेली आणि बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयातही वापरली. कोपरगावचा आकार ठरवताना झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेली राइनोव्हॉल्ट ही संगणकप्रणाली कामी आली.

महाराष्ट्राला विटांचे छत नवे नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू अर्धगोल आणि छत गजपृष्ठाकार आहे. मुळात ते बौद्ध चैत्य असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तिथल्या गवंड्यांनी मात्र प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत दोन्ही बाजू वर जुळवल्या. या रीतीत भिंती जाड होतात आणि आतली जागा अरुंद राहते.

कोपरगावचे वाचनालय शाळेचे आहे, गावाचे नव्हे. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या कायद्याखाली येतात आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान घेतात. बऱ्याच ठिकाणी खरी खुली जागा म्हणजे वर्तमानपत्रांचे टेबल; पुस्तके कुलूपबंद कपाटात. तालुक्याच्या गावाला कमानींचा खर्च आणि तसे कसबी गवंडी परवडतीलच असे नाही. एसटी स्थानक किंवा आठवडी बाजाराच्या वाटेवरची जागा, उघडी मांडणी आणि हलवता येणारे फर्निचर एवढे मात्र साध्या पत्र्याच्या छताखालीही जमते.