काळ्या यादीत आपलाच पत्ता

संगणकशास्त्र मी कुठे शिकलो नाही. जे येते ते सर्व्हरच्या नोंदी वाचून वाचून. एका छोट्या संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. एका सोमवारी तिथून फोन आला, "मेल बंद आहे." थोड्या वेळाने दुसरा, "चालू झाली." मग पुन्हा बंद. मोबाइलच्या डेटावरून मात्र तीच मेल सुरळीत उघडत होती. तेव्हाच वाटले, सर्व्हर ठीक आहे. ऑफिसलाच कुणीतरी अडवते आहे.

हे अडवण्याचे काम सर्व्हरवर ‘फेल-टू-बॅन’ हा प्रोग्रॅम करतो. सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, वाचत तो पासवर्ड चुकल्याच्या ओळी मोजतो. मूळ मांडणीत 10 मिनिटांत एकाच आयपी पत्त्यावरून 5 चुका झाल्या, की त्या पत्त्यावर 10 मिनिटांची बंदी. चूक कोणाची, हे तो पाहत नाही. आणि ऑफिसातली सगळी यंत्रे तर राउटरमागे बसून बाहेर एकाच पत्त्याने दिसतात!

त्याच्या लॉगमध्ये ऑफिसचा पत्ता सापडला : बॅन, अनबॅन, पुन्हा बॅन. मेलच्या लॉगमध्ये त्याच वेळा ताडून पाहिल्या, तर प्रत्येक ओळीत एकच खाते, हिशेब पाहणाऱ्या बाईंचे. त्यांनी शनिवारी पासवर्ड बदलला होता. खणातला जुना फोन अजून जुनाच पासवर्ड पाठवत होता. (बाईंना तो फोन चालू असल्याचेही आठवत नव्हते.)

त्याच पानांवर परके पत्तेही होते. ‘अ‍ॅडमिन’, ‘इन्फो’ अशी नावे चालवून पाहायची, पण एका पत्त्यावरून तासाला दोनच वेळा. पाचाची मर्यादा त्यांना कधी लागलीच नाही. बाई अडकल्या आणि हे मोकळे, याने मी फार अस्वस्थ झालो.

मोजणीचा काळ 10 मिनिटांवरून एक दिवस केला, तेव्हा ते सापडू लागले. पण दिवसभरात ऑफिसातल्या पाच चुका सहज होणार. म्हणून नाइलाजाने ऑफिसचा पत्ता ‘इग्नोअर-आयपी’च्या यादीत घातला. तिथल्या एखाद्या यंत्रात विषाणू शिरला, तर आता बंदी होणार नाही. त्या पत्त्यावरच्या चुका रोज रात्री मीच मोजतो. इंटरनेट कंपनीकडे कायमचा पत्ताही मागितला आहे. राउटर बंद-चालू होऊन पत्ता बदलला, तर ही सूट भलत्यालाच मिळेल.