ख्रिस्ती भजन आणि मराठी अंतःकरण

नाताळच्या सुमारास आमच्या छत्रपती संभाजीनगरातील छावणीच्या बाजूने सायंकाळी जाणाऱ्या गृहस्थास क्षणभर भ्रम पडावा असा प्रसंग कधी कधी येतो. पेटीचा सूर, तबल्याचा ठेका आणि झांजांचा नाद कानी येतो. चाल अभंगाची असते. आणि कोणा वारकऱ्याच्या घरी एकादशीचे भजन चालले असावे असे वाटते. चार पावले पुढे जावे तो शब्द स्पष्ट होतात आणि कळते की, हे भजन पंढरीच्या विठोबाचे नसून बेथलेहेमात जन्मलेल्या ख्रिस्ताचे आहे. हे कळताच ऐकणारांच्या तोंडून बहुधा दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक म्हणतो, 'या लोकांनी आमची चाल उचलली.' दुसरा म्हणतो, 'गाण्याचे हे निमित्त आहे. खरा हेतू भोळ्या लोकांस बाटविण्याचा.' या दोन उद्गारांत तथ्य किती आणि पूर्वग्रह किती, याचा निवाडा साक्षीपुरावा पाहून करावा, असे आम्ही आज योजिले आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, धर्ममत ही एक वस्तू आहे आणि धर्मभाव ही दुसरी. मत तर्काने मांडता येते, वादाने खोडता येते. परंतु भाव वादाने उपजत नाही. तो सुराने, तालाने आणि चार माणसांच्या एकत्र उच्चाराने उपजतो. ज्यास अक्षरओळख नाही त्यास ग्रंथ मुका. पण ऐकलेले पद त्याच्या कंठात राहते आणि जात्यावर, मोटेवर, वाटेवर पुन्हा उमटते. जर्मनीत लूथरने धर्मसुधारणेचा झेंडा उभारला तेव्हा, १५२४ साली, लोकांच्या बोलीतील गीतांची पुस्तके छापून निघाली आणि जे पंडितांच्या प्रबंधांनी झाले नसते ते त्या गीतांनी केले. ख्रिस्ती शास्त्रातही हीच साक्ष आहे. पौल व सीला हे दोघे बंदिवान मध्यरात्री तुरुंगात देवाची स्तुती गात होते आणि इतर बंदिवान ती ऐकत होते, असा वृत्तांत प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तेथे कोणी प्रवचन योजिले नव्हते. आधी गाणे झाले, उपदेश मागाहून आला. आणि हे समजण्यासाठी आम्हांस दूर जाण्याचे कारण तरी काय? आमच्याच जिल्ह्यात पैठण आहे. नाथमहाराजांनी वेदान्त भारुडाच्या रूपाने चव्हाट्यावर आणिला, हे कोण नाकारील?

आता मराठी ख्रिस्ती गीताचा इतिहास पाहू. तो समजतो त्याहून पुष्कळ जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आला. तेथील नवख्रिस्ती लोकांनी त्यास असे विचारले की, आमची जुनी पुराणे आपण बंद केली, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? प्रश्न मार्मिक होता. स्टीफन्सने त्यास उत्तर दिले ते ओवीत. ज्ञानेश्वर-एकनाथांनी रुळविलेल्या त्या छंदात त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचिले आणि ते १६१६ साली गोव्यात छापून निघाले. ते देवळांत मोठ्याने वाचले जाई आणि लोक ते पाठ करीत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांच्या बोलीविरुद्ध फर्मान काढिले. तरी त्या ओव्या गोव्याच्या सीमेबाहेर, मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांत, टिकून राहिल्या आणि १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला गेला. राजसत्तेने जे दडपले ते ओवीने वाचविले. संगीताच्या सामर्थ्याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, १८३१ साली पडले. या मंडळींचा उद्योग दांडगा होता. १८४२ साली त्यांनी 'ज्ञानोदय' पत्र काढिले. हेन्री बॅलेंटाइन या मिशनरीने इंग्रजी स्तोत्रांची मराठी रूपे मोठ्या निष्ठेने तयार केली आणि ती त्याच विलायती चालींवर गाण्याचा परिपाठ पाडिला. हेतू शुद्ध होता, श्रमही खरे होते. परंतु पद्य अवघडले. विलायती चालीचा ठोका ज्या अक्षरावर पडतो तेथे मराठीत ऱ्हस्व यावे, आणि जेथे सूर झटकन उतरतो तेथे दीर्घ यावे, असा पदोपदी पेच. शब्द आपले, चाल परकी, अशा पदात अर्थ कळतो पण जीव रमत नाही. देवळात ते गाइले जाई. शेतात गुणगुणले जात नसे. आणि जे शेतात गुणगुणले जात नाही ते शेजाऱ्याच्या कानी जाणार कसे?

ही खोच प्रथम ओळखली ती एतद्देशीय ख्रिस्ती मंडळींनी. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. घाट हरिदासाचाच: आरंभी नमन, पूर्वरंगात तत्त्वनिरूपण, उत्तररंगात आख्यान, मधून मधून साकी, दिंडी, आर्या आणि अभंग. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे किंवा लाजराचे. ज्या खेड्यात पाद्रीसाहेबांच्या व्याख्यानास चार माणसे जमत नसत तेथे कीर्तनास रात्रभर गर्दी होई, कारण ऐकावे कसे हे त्या श्रोत्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. नवे सांगावयाचे तर जुन्या परिचित भांड्यात वाढावे, ही साधी गोष्ट ज्या दिवशी कळली त्या दिवशी ख्रिस्ती धर्म महाराष्ट्रात पाहुणा राहिला नाही.

या परंपरेचा कळस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेला हा ब्राह्मण कवी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेता झाला. आगगाडीच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यास कारण झाला, हे प्रसिद्ध आहे. म्हणजे ते स्वतः ग्रंथाच्या वाटेने गेले. परंतु इतरांस त्यांनी ग्रंथाच्या वाटेने बोलाविले नाही, पदाच्या वाटेने बोलाविले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत 'दास' ही मुद्रिका येते आणि त्यांतील आर्तता वारकरी संतांच्या घरची आहे. त्यांची शंभरावर पदे मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात आली आणि ती आजही गाइली जातात. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हयातीत अपुरे राहिले ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईंनी प्रथम पतीच्या धर्मांतराने हंबरडा फोडिला, ज्यांस शाळेचे शिक्षण नव्हते, त्यांच्या हातून हे कार्य व्हावे, यात स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांनी घेण्यासारखा बोध भरपूर आहे.

टिळकांविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो केवळ कवी म्हणून नव्हे. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडिला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही त्यात स्थान होते. परदेशी पैशावर आणि परदेशी हुकुमावर चालणारा धर्म या भूमीत रुजणार नाही, हे त्यांचे मत स्पष्ट होते. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे देहावसान झाले आणि दरबार फार दिवस टिकला नाही. पण ज्याने आपल्या देवाची स्तुती आपल्या भाषेत व आपल्या चालीत केली त्याने स्वराज्याचे एक अंग साधले, असे आम्ही समजतो.

आमच्या मराठवाड्याची हकीकत थोडी निराळी आहे. निजामाच्या मुलखात रतनजी नवरोजी या पारशी कुळातील गृहस्थांनी चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने या शहरी काम केले. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी, सालारजंगांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर, बेथेल नावाची वस्ती वसविली. या दोन्ही ठिकाणी जी कुटुंबे ख्रिस्ती झाली ती बहुतांशी महार-मांग समाजातील. येथे संगीताचा एक निराळाच अर्थ उघड होतो. मांगाची हलगी आणि सनई यांवाचून गावचे लग्न लागत नसे, जत्रा निघत नसे. परंतु ज्या देवासमोर तो वाजवी त्या देवाच्या उंबरठ्याच्या आत त्यास पाऊल टाकता येत नसे. त्याचा सूर आत जाई, तो बाहेर राही. तोच मनुष्य जेव्हा उपासनेत सर्वांच्या बरोबरीने बसून गाऊ लागला, तेव्हा त्यास शुभवर्तमान समजावून सांगण्याची गरज राहिली नाही. बसावयास मिळालेली ती जागा हेच शुभवर्तमान होते. आमच्यातील जे लोक 'त्यांस गाण्याने भुलविले' असे म्हणतात त्यांनी आपल्या अंतःकरणास विचारावे की, त्यांस गाण्याने ओढिले की आमच्या बंद दाराने ढकलिले?

आता पहिल्या उद्गाराचा विचार. चाल उचलली, ही चोरी काय? मग पेटीचे काय? हार्मोनियम युरोपातून आली; आज ती पेटी होऊन आमच्या कीर्तनात, नाट्यगृहात आणि भजनी मंडळात मानाने विराजमान आहे. आकाशवाणीने ती परकी म्हणून १९४० साली वर्ज्य केली आणि पुढे १९७१ साली तीस पुन्हा वाट करून दिली. व्यापारी बंधूंस आम्ही सांगावे असे नाही की, देवघेव बंद झाली म्हणजे पेठ ओस पडते. संगीताच्या पेठेचाही न्याय हाच. ज्याने घेतले त्याने फेडलेही: मराठीस क्रिस्तपुराण मिळाले, टिळकांचे अभंग मिळाले, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मिळाली, आणि २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांस मिळाले, तेव्हा धर्मगुरू म्हणून काहींनी आक्षेप घेतला तरी मराठी वाचकाने त्यांस आपला म्हणूनच ओळखले.

दुसरा उद्गार बाटविण्याचा. याचे उत्तर कायद्याने द्यावे हे बरे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांची मर्यादा त्यास आहेच. १९७७ साली स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रसार म्हणजे आपली तत्त्वे मांडणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. या कसोटीस भजन लावून पाहा. लाच देऊन, धाक घालून, फसवून मन वळविणे हा गुन्हा असो. परंतु गाणारा गातो, ऐकणारा ऐकतो, आणि नको असेल तो उठून जातो. याहून निर्मळ प्रसार कोणता? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोक सुमारे दहा लाख ऐंशी हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी, भरले. स्टीफन्सपासून चार शतके गाणी गाऊन झाल्यावरचा हा आकडा आहे. तेव्हा नाताळात दारोदार गात फिरणाऱ्या पोरांकडे शत्रूच्या फौजेप्रमाणे पाहणे हे भित्रेपणाचे लक्षण आहे, धर्मनिष्ठेचे नव्हे.

एक पक्ष ऐकून दुसऱ्यास सोडणे न्यायाचे नाही. म्हणून ख्रिस्ती बंधूंसही दोन शब्द. पहिला असा की, गाणे हृदयात शिरते ते गोडीने, कर्ण्याने नव्हे. चेन्नईच्या एका मंडळीच्या ढोलताशांविषयी व ध्वनिक्षेपकाविषयी २००० साली सर्वोच्च न्यायालयानेच बजाविले की, शेजाऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. हा निकाल देवळांस, मशिदींस आणि गणेशोत्सवाच्या मांडवांसही तितकाच लागू आहे, हे आमच्या हिंदू वाचकांनी विसरू नये. दुसरा असा की, नव्या पिढीत परदेशी थाटाची गीते व परदेशी वाद्ये यांची भूल वाढत आहे. नवे अवश्य घ्यावे. पण सांगळे-टिळकांची पदे अडगळीत टाकून ते घेऊ नये. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेस मुभा दिली, म्हणजे रोमनेही अखेर तेच मान्य केले जे स्टीफन्सला गोव्यात उमगले होते. जे जगाने उशिरा शिकले ते आपण सोडून द्यावे काय? आणि तिसरी गोष्ट अधिक कठीण. एका बाकावर बसून एक पद गावे आणि सोयरीक जुळविताना मात्र पूर्वीची जात विचारावी, हा प्रकार ख्रिस्ती मंडळ्यांतूनही पुरता गेलेला नाही. ओठावरचे गीत आचरणात उतरले नाही तर ते कितीही सुरेल असो, शेजाऱ्यास त्यातून कोणतेही वर्तमान मिळत नाही.

सारांश, ख्रिस्ती भजनाने श्रद्धा जागविली आणि पसरविली ती तीन गुणांच्या बळावर: ते लोकांच्या भाषेत होते, लोकांच्या चालीत होते, आणि ज्यास कोठेच बसू दिले जात नव्हते त्यास ते आपल्या शेजारी बसवीत होते. यांपैकी पहिले दोन गुण त्यांनी आमच्या संतांपासून घेतले. तिसराही संतांनी शिकविला होता. वाळवंटात आम्ही तो पाळिला आणि घरी परतताना विसरलो. तेव्हा पुढच्या वेळी छावणीच्या रस्त्याने जाताना ती ओळखीची चाल कानी पडली, तर वाचकांनी रागाने पाऊल उचलू नये; थोडे थांबून ऐकावे. आमचीच ठेव व्याजासह परत येत असताना सावकाराने दार लावून घेणे शहाणपणाचे नव्हे.