शंकेचा व्यवसाय

जंगम वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की तिचा व्यवहार पुरा होतो. स्थावराचे तसे नाही. जमीन जागची हलत नाही, घर उचलून कोणाच्या स्वाधीन करता येत नाही, म्हणून देण्याघेण्याची सगळी क्रिया कागदावर उतरवावी लागते; आणि कागद आला की तो कोणी लिहून दिला, त्याला लिहून देण्याचा अधिकार होता काय, त्याच्याआधी ज्याने त्याला लिहून दिले त्याला तरी तो होता काय, अशी मागे मागे जाणारी प्रश्नमालिका त्या कागदापाठोपाठ येते. तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकांच्या कचेरीभोवती मुद्रांकविक्रेते, टंकलेखक, झेरॉक्सवाले आणि चहावाले यांची जी वसाहत हटकून उभी राहते, तीत या प्रश्नमालिकेवर उपजीविका करणारा मनुष्य म्हणजे दस्तलेखक. बाहेरून पाहणाऱ्याला तो ठरीव मजकुरात नावे आणि आकडे भरणारा कारकून वाटतो. माझ्या धाकट्या भावाने अशाच एका गावात परसासह एक जुने बैठे घर विकत घेतले, त्या व्यवहाराच्या आरंभापासून अखेरपर्यंत मी त्याच्याबरोबर वावरलो. आणि शंका कोठवर घ्यावी व कोठे थांबावे हे ठरवणे हाच दस्तलेखकाच्या विद्येचा गाभा आहे, असे मला त्या काळात दिसून आले.

या शंकेचे मूळ आपल्या कायद्यातच आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच व्हावी, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने ठरवले, आणि ती नोंदणी कशी व्हावी हे १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने सांगितले. परंतु दुय्यम निबंधक जी नोंद करतात ती दस्ताची, मालकीची नव्हे. समोर आलेला इसम तोच आहे काय, दस्त त्यानेच लिहून दिला काय, मुद्रांक शुल्क पुरेसे भरले काय, एवढे ते पाहतात. विकणाऱ्याच्या पदरी विकण्याजोगे काही आहे, याची हमी ते देत नाहीत. सातबाऱ्याचेही तेच. महसुलाच्या सोयीसाठी ठेवलेल्या त्या अभिलेखातील नोंद १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, पण नसलेली मालकी निर्माण करण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. शासनाने दोन कचेऱ्यांत दोन प्रकारची दप्तरे ठेवली, आणि त्यांवरून खरा मालक कोण हे ताडण्याची जोखीम मात्र विकत घेणाराच्या शिरावर टाकली.

आमच्या दस्तलेखकांना सारे गाव अण्णा म्हणे. तरुणपणी एका वकिलांकडे कारकुनी करून ते या धंद्यात आले होते, आणि शोध अहवालावर सही घेण्यासाठी अजूनही एका वकिलांच्याच घरी जात. विकणारे दोघे भाऊ पहिल्या दिवशी त्यांच्या टेबलाशी बसले, तेव्हा थोरल्याने उतारा पुढे सरकवून म्हटले, ‘‘अण्णा, नाव माझ्या एकट्याचं आहे, भानगड काही नाही.’’ अण्णांनी ते नाव वाचलेच नाही. त्यांची दृष्टी आधी गेली ती ‘इतर हक्क’ या रकान्याकडे, जेथे कुळांची नावे, विहिरीतले हिस्से आणि कर्जाचे बोजे वस्तीला असतात. तेथे एका पतसंस्थेचा बोजा होता. कर्ज फिटून कितीतरी वर्षे लोटली, असे धाकट्याने सांगितले. ‘‘फिटलं असेल हो, पण उताऱ्याला ते कोणी सांगितलेलं नाही,’’ असे म्हणून अण्णांनी कागदाच्या कोपऱ्यात ‘बेबाकी दाखला’ असे दोन शब्द लिहिले आणि मग मालकाच्या नावापुढच्या अक्षरांवर बोट ठेवले. ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. वडील वारल्यावर थोरल्याचे नाव लागले होते खरे, पण कुटुंबाचा कारभारी म्हणून. त्या तीन अक्षरांच्या आड बाकीचे सारे वारस दडलेले होते.

‘‘बहिणी किती?’’ अण्णांनी विचारले.

एक होती. आईही हयात होती. मिळकत वडिलांच्या स्वकष्टार्जित पैशाची, मृत्युपत्र नाही. म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे आई, दोन मुलगे आणि मुलगी यांचा प्रत्येकी चार आणे हिस्सा. ‘‘पण तिनं कधी काही मागितलं नाही,’’ थोरला म्हणाला. ‘‘मागितलं नाही म्हणजे सोडलं, असं होत नाही,’’ अण्णा म्हणाले. साध्या मुद्रांकावर संमती आणून देतो, ही भावांची तडजोडही त्यांनी मानली नाही. स्थावरातला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदलेले हवे, आणि ते करण्यापेक्षा चौघांनीही खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून यावे, हे त्यांना अधिक निर्वेध वाटले. उताऱ्यावर बहिणी पुष्कळदा दिसत नाहीत, त्या विचाराव्या लागतात. आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला घटकाभर अप्रिय व्हावे लागते. अण्णा ते अप्रियत्व पगारी माणसाच्या निर्विकारपणे पत्करीत.

बहीण पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ येथे स्थायिक होती. भारताच्या वाणिज्य दूतावासासमोर सही करून तिने थोरल्या भावाच्या नावे केवळ याच व्यवहारापुरते मुखत्यारपत्र पाठवले, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला येथील मुद्रांक लागला पाहिजे, या तारखेवर अण्णा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होते. मुखत्यारपत्र हे प्रतिनिधीचे साधन. त्यानेच मालकी दिल्याघेतल्याची जी चाल मोठ्या शहरांत पडली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट शब्दांत अमान्य केले आहे. म्हणून त्यातला प्रत्येक अधिकार अण्णांनी वेगळा मांडला होता: सही करणे, कबुली देणे, तिच्या हिश्शाची रक्कम तिच्याच खात्यात जमा करवणे.

फोनवर त्या बाई म्हणाल्या, ‘‘अण्णा, इथे घर घेताना आम्ही विकणाऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. सगळं सेटलमेंट एजंटनं केलं.’’ त्या राज्यात या एजंटांसाठी १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे, परवाना आहे, आणि पक्षकाराचा पैसा निराळ्या विश्वस्त खात्यात ठेवण्याचे बंधन आहे. ठरल्या दिवशी बँकेचे तारण उतरते, नवे चढते, नगरपालिकेचा कर आणि पाणीपट्टी त्या तारखेपर्यंत दोघांत वाटली जाते, आणि पैसा व नाव यांची अदलाबदल एकाच वेळी होते. हे साधते, कारण रॉबर्ट टॉरन्स यांनी १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात जी पद्धती रूढ केली, तिच्यात सरकारी नोंदवहीतील नाव हेच स्वामित्व असते आणि त्याच्यामागे शासन स्वतः उभे असते. मागच्या साखळीचा शोध घेण्याचे प्रयोजन बहुतांशी उरत नाही. अण्णांनी हे सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘‘तिथं सरकार खात्री देतं, म्हणून त्यांना हिशेब करायचा. आमच्याकडं आधी खात्री जमवायची, मग हिशेब.’’

ती खात्री जमवण्याचा सर्वांत संथ भाग म्हणजे जुन्या दस्तांचा शोध. निबंधकांच्या कचेरीतील संगणकपूर्व काळातील दस्तसूचीची, म्हणजे सूची क्रमांक दोनची, पाने कडेने झडलेली असतात, एकाच गटाचा क्रमांक तीन लेखनिकांनी तीन वळणांनी लिहिलेला असतो, आणि ज्या पानावर आपला दस्त असावा तेच नेमके शिवणीतून सुटलेले असते. तीस वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात आहे; तीसच का, असे मी विचारले. अण्णांनी दोन कारणे सांगितली. गहाण सोडवण्याचा दावा करण्यास पूर्वी साठ वर्षांची मुदत होती, ती १९६३ च्या मुदत अधिनियमाने तीसवर आणली. आणि योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांचा जुना दस्त खरा असावा, असे पुराव्याचा कायदाही गृहीत धरू देतो. त्यामागे जाऊ नये असे नाही, जाता येते. पण प्रत्येक मिळकतीच्या तळाशी शेवटी कोणाची तरी वहिवाटच सापडते, आणि तेथवर खणत राहणाऱ्याने घर घेऊ नये, हे अण्णांचे मत. वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन चौदा दिवस हरकतींची वाट पाहण्याचा विधीही याच शहाणपणातला. कायदा त्याची सक्ती करीत नाही. पण पुढे कोणी उभा राहिलाच, तर घेणाऱ्याने सावधगिरी बाळगली होती एवढे तरी दाखवता येते.

कागद संपल्यावर अण्णा जागेवर आले. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या होत्या. पूर्वेस वहिवाटीचा बोळ होता. प्रत्यक्षात पूर्वेस शेजाऱ्याची विटांची भिंत, आणि बोळ उरला होता तो एका माणसाने अंग चोरून जाण्यापुरता. अण्णांनी फीत लावली, क्षेत्र गुंठ्यांत म्हणजे दर गुंठ्यास १०८९ चौरस फुटांप्रमाणे मनाशी ताडून पाहिले, शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून त्याचा चहा घेतला आणि भिंत कधी बांधली हे सहज विचारून घेतले. घराचे क्षेत्र जुळत होते, बोळाचे कोडे सुटत नव्हते. विकणाऱ्यांचा आग्रह जुन्या दस्तातील शब्द जसेच्या तसे उतरवावेत असा होता, आणि शेकडो दस्तांत होते ते हेच. एका पिढीतील चतुःसीमा पुढच्या पिढीच्या दस्तात, जागा न पाहता, उतरत जातात. अण्णांनी मात्र लिहिले: पूर्वेस जुन्या दस्तात नमूद वहिवाटीचा बोळ, सांप्रत त्यावर शेजाऱ्याची भिंत, रुंदी कमी झालेली, मोजणी व्हावयाची आहे. माझ्या भावाला हे खटकले. विकत घेतानाच आपण उणीव का कबूल करावी, असे त्याला वाटे. अण्णांचे म्हणणे असे की, मिटवता येते ती शंका मिटवावी, आणि मिटत नाही ती दस्तात लिहून ठेवावी. लपवलेली शंका व्याजासह परत येते. त्या बोळापोटी किमतीतून काही रक्कम कमी झाली आणि विकणाऱ्यांपैकी थोरल्यानेही मग ओढून धरले नाही.

मुद्रांक शुल्काचा हिशेब त्यामानाने सरळ: ठरलेली किंमत आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यातील, लोकांच्या तोंडी रेडी रेकनरमधील किंमत, यांत जी अधिक तिच्यावर शुल्क, नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार. ते भरून टोकन हाती आले आणि आम्ही कचेरीच्या बाकांवर बसलो. सर्व्हर मध्येच बंद पडे, आणि तेवढ्यात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांच्यातले संभाषण हवापाण्यावर येऊन ठेपे. नाव पुकारल्यावर एकेकाचे छायाचित्र, डाव्या अंगठ्याचा ठसा, ओळख पटवणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि मग साहेबांचा प्रश्न: ‘‘दस्त तुम्हीच लिहून दिला ना? मजकूर मान्य आहे?’’ थोरल्याने स्वतःकरिता आणि बहिणीचा मुखत्यार म्हणून, अशी दोनदा मान डोलावली.

आईला अंथरुणावरून उठवत नव्हते. अशा व्यक्तीकरिता अधिकाऱ्याने घरी जाऊन कबुली घ्यावी, अशी तरतूद नोंदणी अधिनियमात आहे. त्याप्रमाणे गृहभेट सायंकाळची ठरली. म्हणजे सकाळी तिघांच्या वतीने कबुली झाली आणि चौथी संध्याकाळी व्हायची, अशा त्या मधल्या वेळात माझ्या भावाच्या बँकेचे धनाकर्ष कोणाकडे असावेत? दस्ताच्या भरणा परिच्छेदात त्यांचे क्रमांक आलेले, पण विकणाऱ्यांना ते आत्ता हवे होते आणि भावाला ते आईच्या अंगठ्यानंतरच द्यायचे होते. ते अण्णांच्या कापडी पिशवीत राहिले. पर्थमध्ये जे काम परवाना आणि विश्वस्त खाते करते, ते येथे गावातल्या एका माणसाच्या चाळीस वर्षांच्या नावलौकिकावर चालले होते. त्याच्यामागे कायद्याचे पाठबळ नव्हते, आणि तसा लौकिक प्रत्येक टेबलामागे बसलेला असतोच असेही नाही. एकीकडून दस्तुरी घेऊन दुसरीकडच्या उणिवांवर पांघरूण घालणारेही त्याच पायऱ्यांवर बसतात.

संध्याकाळी साहेबांनी वाकून विचारले, ‘‘आजी, हा कागद कशाचा आहे, ठाऊक आहे ना?’’

‘‘घराचा,’’ आजी म्हणाल्या. ‘‘पोरं विकतायत. मला विकायचं नव्हतं.’’

खोलीत कोणी बोलेना. थोरला पुढे सरसावला, त्याला अण्णांनी डोळ्यांनीच थांबवले. साहेब खुर्ची ओढून बसले. ‘‘नसेल विकायचं तर अंगठा देऊ नका. कोणाची जबरदस्ती नाही. तुमचं काय म्हणणं?’’

‘‘विकायचं नव्हतं,’’ आजी पुन्हा म्हणाल्या, ‘‘पण आता इथं राहणार कोण? माझी ना नाही. कुठं देऊ अंगठा?’’

आजींच्या हिश्शाचा धनाकर्ष अण्णांनी मुलांच्या हाती न देता त्यांच्याच हाती दिला, आणि उरलेले नंतर ज्याचे त्याला.

पुढे सूची क्रमांक दोनची प्रत आली, तलाठ्यांनी फेरफार धरला, संबंधितांना नोटिसा गेल्या, पंधरा दिवसांची हरकतीची मुदत सरली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि उताऱ्यावरचा पतसंस्थेचा बोजाही उतरला. तेव्हा अण्णांनी सारे कागद एका दप्तरात बांधून भावाला दिले: मूळ दस्त, मुखत्यारपत्र, बेबाकी दाखला, नोटिशीचे कात्रण, आणि शोध अहवाल, ज्याच्या अखेरीस मिळकत ‘उपलब्ध अभिलेखांवरून’ निर्वेध दिसते, असे जपून लिहिले होते. ‘‘हे सांभाळा,’’ ते म्हणाले, ‘‘आणि बोळाची मोजणी करून घ्या. उद्या तुम्ही विकायला आलात की समोरचा हेच सगळं तुम्हाला विचारील.’’ इतके दिवस अण्णांच्या शंका विकणाऱ्यांना उद्देशून होत्या असे भाऊ समजत होता. आता मालक तो होता. त्याच आठवड्यात त्याने भूमी अभिलेख कचेरीत मोजणीची फी भरली.